कंबर असलेली गाडी

गेल्या अंकात खडतर जमिनीवर चालणाऱ्या वाहनांविषयी थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत दोन अंगांच्या, म्हणजे मधोमध सांधा असलेल्या लष्करी वाहनांविषयीचे प्रश्न इतके निघाले की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक शंकांची मुळे त्याच्यातच आहेत.

प्रश्न : आम्ही यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी सहा चाकांच्या, दीड टन माल नेणाऱ्या लष्करी वाहनाचा आराखडा प्रकल्प म्हणून करीत आहोत. पुढच्या अंगाला चार चाके, मागच्या अंगाला दोन, मध्ये तिन्ही दिशांना मोकळा सांधा आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे वायू व तेलाच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन, ज्यात चाक एकूण ५०० मिलिमीटर वर-खाली जाऊ शकेल, अशी आमची कल्पना आहे. आमचे मार्गदर्शक म्हणतात, "सांधा तरी ठेवा, नाहीतर एवढे सस्पेन्शन तरी, दोन्ही कशाला?" दोन्ही असल्यास वाहन अधिक चांगलेच होईल ना?

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे बारा आणे खरे आहे. उरलेले चार आणेही महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

आधी सांध्याच्या तीन हालचालींना नावे देऊ. पुढचे अंग मागच्याच्या तुलनेत डावीकडे-उजवीकडे फिरते, ते वळणे. होकार देताना मान हलावी तसे खाली-वर होते, ते डोलणे. आणि ओले कापड पिळावे तसे एक अंग दुसऱ्याच्या तुलनेत वाहनाच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरते, ते पिळणे. 'तिन्ही दिशांना मोकळा' असे म्हणणे सोपे आहे. परंतु या तिन्हींची कामे वेगळी आहेत, त्यांच्यासाठी मोजावी लागणारी किंमत वेगळी आहे आणि त्यांतील एखादी नको त्या ठिकाणी मोकळी सोडली तर वाहन उभेसुद्धा राहत नाही.

चाके जमिनीला टेकलेली ठेवणे हा मुळात हिशेबाचा प्रश्न आहे. तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही आणि चार पायांचे टेबल डुगडुगते, हे सर्वांना ठाऊक आहे. याचे कारण असे की ताठ वस्तूला उभे राहण्यासाठी तीनच आधार पुरतात. चौथा आधार ज्यादा असतो आणि त्याला जमिनीपर्यंत पोहोचवायचे तर काहीतरी लवचीक असावे लागते. साध्या चार चाकी गाडीत ते काम स्प्रिंगा करतात. आता गाडीच्या मधोमध फक्त पिळणारा सांधा घाला. दोन अंगांचा समतोल पाहताना तीन ऐवजी चार समीकरणे मिळतात, आधारही चारच असतात, आणि ज्यादा आधार उरतच नाही. म्हणजे दोन एक्सलच्या अशा वाहनाची चारही चाके एकही स्प्रिंग नसताना जमिनीला टेकलेली राहतात. याच वाहनात डोलणेही मोकळे सोडले, तर समीकरणे पाच आणि आधार चार. वाहन मधोमध घडी पडून खाली बसेल. कागदावर आकडेमोड करण्याचा कंटाळा असेल तर दोन फळ्या, दोन बिजागऱ्या आणि खेळण्यातील चाके घेऊन नमुना करून पाहा. संगणकाच्या पडद्यावरील आकृतीपेक्षा त्यातून लवकर शहाणपण येते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या आराखड्यात चाके सहा आहेत. पुढचे अंग स्वतःच्या चार चाकांवर उभे आहे. मागचे अंग दोन चाकांवर आणि सांध्यावर टेकलेले आहे. डोलणे व पिळणे दोन्ही मोकळे ठेवल्यास समीकरणे पाच आणि आधार सहा होतात. याचा अर्थ असा की सबंध वाहनात ज्यादा आधार एकच आहे आणि तो पुढच्या अंगाच्या चार चाकांमध्ये आहे. मागच्या अंगाची दोन चाके खड्ड्यात जावोत की दगडावर चढोत, त्यांच्यासाठी स्प्रिंगेला काहीही करावे लागत नाही, कारण मागचे अंग सरळ पिळून मोकळे होते. दोन मीटर रुंदीच्या एक्सलवर एक चाक दुसऱ्यापेक्षा ५०० मिलिमीटर वर गेले तर अंग साधारण १४ अंशांनी कलते; सांध्यात ३० अंशांचा पीळ चालत असेल तर हाच फरक एक मीटरपर्यंत जाऊ शकतो. एवढी चाल कोणत्याही स्प्रिंगेतून मिळवणे अवघड आहे. सांधा ती जवळजवळ फुकट देतो. मग तीच चाल सस्पेन्शनमधून पुन्हा विकत घेण्यात काय हशील आहे, हा आपल्या मार्गदर्शकांचा खरा प्रश्न आहे.

या विचाराचे टोक गाठणारे एक वाहन प्रत्यक्षात बनले होते. अमेरिकी सैन्यासाठी कॅटरपिलर कंपनीने बनवलेले एम५२० गोअर हे आठ टनी, चार चाकी वाहन माती वाहणाऱ्या यंत्रांच्या घराण्यातील होते. मधोमध सांधा, प्रचंड टायर आणि सस्पेन्शन अजिबात नाही. १९६६ मध्ये त्याची काही वाहने व्हिएतनाममध्ये गेली, तेथील चिखलात इतर ट्रक रुतत असताना ही चालत राहिली, आणि १९७२ ते १९७६ या काळात सुमारे १,३०० वाहनांचे उत्पादन झाले. चिखलात आणि पाण्यात त्याने नाव मिळवले. पक्क्या रस्त्यावर मात्र ते चेंडूसारखे उसळत असे. कारण टायर ही स्प्रिंग असली तरी तिच्यात उसळी जिरवण्याची ताकद फार थोडी असते. एकदा लय लागली की वाहन त्या लयीत नाचतच राहते, आणि वेग कमी करण्यावाचून चालकाच्या हाती काही उरत नाही. मार्गदर्शकांच्या बोलण्यातले राहिलेले चार आणे ते हेच : सांधा चाके टेकवून ठेवतो, पण हादरे सोसत नाही.

का सोसत नाही, ते आकड्यांत पाहू. जमिनीचे उंचवटे चार मीटरच्या अंतराने येत आहेत असे धरा. ताशी ५ किलोमीटर वेगाने जाताना ते सेकंदाला ०.३५ वेळा भेटतात. ताशी ४० किलोमीटरला २.८ वेळा. पहिल्या स्थितीत अडीच टनांचे अंग सावकाश डावीकडे-उजवीकडे कलू शकते. दुसऱ्या स्थितीत तेच अंग सेकंदाला जवळजवळ तीनदा उलटसुलट कलवायचे तर त्यासाठी लागणारे बल टायरमधून यावे लागेल, आणि ते आले तर त्या अंगात बसलेल्या माणसांची हाडे खिळखिळी होतील. म्हणून कामाची वाटणी अशी करावी : मोठी आणि सावकाश चाल सांध्याकडे, छोटी आणि जलद चाल स्प्रिंगेकडे. सांधेदार वाहनाचे सस्पेन्शन आखायचे म्हणजे ही सीमारेषा कोठे ओढायची ते ठरवायचे. बाकीच्या गोष्टी त्या रेषेच्या मागून येतात.

ती रेषा ओढण्यासाठी एक जुने माप उपयोगी पडते. अमेरिकी सैन्याच्या व पुढे नाटोच्या गतिक्षमतेच्या हिशेबांत असे धरले जाते की चालकाच्या शरीरात शोषली जाणारी कंपनांची शक्ती ६ वॉटच्या वर गेली की तो आपणहून वेग कमी करतो. आणि एखाद्या सुट्या अडथळ्यावरून जाताना आसनापाशी २.५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट, इतका धक्का ही मर्यादा धरतात. म्हणजे उघड्या रानात वाहनाचा वेग बहुतेकदा इंजिनावर नव्हे, तर चालकाच्या पाठीवर ठरतो. आपल्या वाहनासाठी स्प्रिंगेवरील अंगाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ते आपल्या लयीत सेकंदाला किती वेळा खाली-वर होते ती, १.३ हर्ट्झच्या (सेकंदाला १.३ वेळा) आसपास धरावी असे मी सुचवेन. त्यासाठी स्वतःच्या वजनाखाली स्प्रिंग सुमारे १५० मिलिमीटर दबावी लागते, आणि तेवढीच किंवा थोडी जास्त जागा वरच्या दणक्यासाठी ठेवली की एकूण चाल ३०० ते ३३० मिलिमीटर होते. वरचे पावणेदोनशे मिलिमीटर आपण केवळ हौसेने घेत आहात, आणि त्यांच्यासाठी लांब आर्म, जास्त कोनात काम करणारे ड्राइव्ह-शाफ्टचे सांधे आणि उंचावलेला गुरुत्वमध्य अशी किंमत मोजत आहात.

गुरुत्वमध्याची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या आराखड्यातील सर्वांत मोठा धोकाही सांगून टाकतो. पिळायला मोकळे असलेले मागचे अंग बाजूच्या उतारावर पूर्णपणे एकटे असते. पुढच्या अंगाच्या चार चाकांचा त्याला कलताना काडीचाही आधार नाही. त्याला तोलून धरायला फक्त त्याच्याच दोन स्प्रिंगा आहेत. मालासह २,५०० किलोग्रॅम वजन, कलण्याच्या अक्षापासून एक मीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि दोन स्प्रिंगांमध्ये १.८ मीटर अंतर धरून मी हिशेब केला. सांध्यावर जाणारा भार सोपेपणासाठी सोडून दिला आहे. १.३ हर्ट्झच्या स्प्रिंगा असतील तर २० अंशांच्या उतारावर हे अंग उताराच्या दिशेला आणखी सुमारे साडेचार अंश कलते. लांब चालीच्या मोहाने आपण स्प्रिंगा १ हर्ट्झपर्यंत मऊ केल्यात, तर हाच कल जवळजवळ पावणेनऊ अंश होतो. त्यातून वाईट गोष्ट अशी की चालक पुढच्या अंगात बसलेला असतो. त्याचे आसन सरळ असते आणि मागचे अंग उलटायला आले आहे हे त्याला आरशात पाहिल्याशिवाय कळत नाही. बांधकामावरील सांधेदार डंपरांचे मागचे अंग उलटते आणि केबिन सरळ उभी राहते, हा प्रकार त्या व्यवसायातील लोकांना परिचित आहे. तेव्हा पिळण्याला मर्यादा घाला, मर्यादेच्या टोकाला कडक लोखंडी अडसराऐवजी हळूहळू ताठर होणारे रबर बसवा, आणि कल मोजून चालकाला इशारा देणारे साधन आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरा.

हायड्रोन्यूमॅटिक स्प्रिंगेविषयी थोडक्यात. तिच्यात नायट्रोजन वायू दाबला जातो आणि तेलाच्या मार्गातील झडपा शॉक अॅब्सॉर्बरचे काम करतात, हे आपणास माहीत आहे. आपल्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही : वायूचे प्रमाण कायम असताना भार दुप्पट झाला की वायूचा दाब दुप्पट, आकारमान निम्मे आणि म्हणून ताठरपणा चौपट होतो. परिणामी रिकाम्या वाहनाच्या तुलनेत भरलेल्या वाहनाची वारंवारता सुमारे १.४ पट वाढते, तर साध्या गुंडाळी स्प्रिंगेच्या बाबतीत ती त्याच प्रमाणात घटते. मालाच्या वजनात फार चढउतार होणाऱ्या मागच्या अंगासाठी दोन टप्प्यांचे वायुकोश घ्यावेत. शिवाय उणे २० ते अधिक ५० अंश सेल्सिअस या तापमानभेदात वायूचा दाब साधारण २८ टक्क्यांनी बदलतो, म्हणून उंची आपोआप राखणारी झडप ही चैन समजू नये.

शेवटी, तुमच्या मांडणीच्या सर्वांत जवळचे जे वाहन मोठ्या संख्येने बनले, ते म्हणजे अमेरिकेचे एम५६१ गामा गोट. नावातील 'गामा' हे रचनाकार रॉजर गामाँट यांच्या आडनावावरून आणि 'गोट' हे डोंगरी शेळीवरून आले. पुढे चार चाके, मागे दोन, अॅल्युमिनियमचे शरीर आणि मधला सांधा फक्त डोलण्यास व पिळण्यास मोकळा, वळण्यास नाही. १९६९ ते १९७३ या काळात १४,००० हून अधिक वाहने तयार झाली. त्याची चाके पूर्णपणे स्प्रिंगांवर होती, पण त्या स्प्रिंगांची चाल माफक होती. खरे काम सांधा करीत असे. ही वाटणी अभ्यासाल तर आपला आराखडा निम्मा सुटेल. त्याच्या केबिनजवळील तीन सिलिंडरच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा गोंगाट मात्र अनुकरणीय नाही. ते चालवताना कानांना संरक्षण घ्यावे लागे.

प्रश्न : वाहन वळवण्यासाठी चाके फिरवावीत की सांधाच वळवावा? दोन्ही प्रकारची वाहने चित्रांत पाहिली आहेत. निवड कशावर अवलंबून असते?

उत्तर : दोन गोष्टींवर : जमीन किती मऊ आहे आणि वेग किती हवा आहे.

सांधा वळवणे ही कल्पना जुनी आहे. १९२० च्या दशकात इटालियन सैन्याने तोफा ओढण्यासाठी वापरलेला पावेसी पी४ हा ट्रॅक्टर दोन अंगांचा होता, त्याची चारही मोठी चाके इंजिनाने फिरत आणि वळण मधल्या सांध्यातून होई. सांधा बरोबर मधोमध असला तर मागची चाके पुढच्या चाकांच्या चाकोरीतूनच जातात. मऊ जमिनीत ही फार मोठी सोय आहे, कारण पुढच्या चाकांनी माती दाबून वाट तयार केलेली असते; मागच्या चाकांना नवी चाकोरी पाडावी लागत नाही आणि तेवढी शक्ती वाचते. चार मीटर चाकतळाचे (म्हणजे पुढच्या व मागच्या एक्सलमध्ये तेवढे अंतर असलेले) वाहन सांध्यात ४० अंश वळले की सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. तेवढ्याच लांबीच्या साध्या वाहनाची पुढची चाके ३५ अंश वळवली तर मागच्या एक्सलची त्रिज्या पावणेसहा मीटरच्या आसपास येते, पण पुढच्या एक्सलची सात मीटर होते, म्हणजे चाकोऱ्या दोन पडतात. आणखी एक फायदा असा की चाके फिरवण्यासाठी लागणारी मोकळी जागा, स्टिअरिंगचे दांडे आणि चाकाजवळचे नाजूक सांधे हे सर्व वाचते. रुतलेले वाहन सांधा डावी-उजवीकडे हलवत बदकासारखे डुलत बाहेर काढता येते, हा तर चालकांचा आवडता उपाय आहे.

पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनांत हा फायदा आणखी मोठा आहे. मऊ जमिनीचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्या मिएचिस्वाव बेकर यांनी दाखवून दिले की तेवढ्याच क्षेत्रफळाचा पट्टा आखूड-रुंद असण्यापेक्षा लांब-अरुंद असलेला चांगला, कारण मातीला समोरून ढकलण्याचा त्रास कमी होतो. परंतु रणगाड्यासारखे वाहन एक पट्टा थांबवून, दुसरा चालवून वळते, आणि पट्ट्याची जमिनीवरील लांबी दोन पट्ट्यांमधील अंतराच्या साधारण १.८ पटीपेक्षा जास्त झाली की ते वळायलाच तयार होत नाही. शिवाय वळताना घासून तो बर्फाचा किंवा दलदलीचा वरचा थर फाडून काढतो आणि स्वतःच त्यात बुडतो. लांब वाहनाचे दोन तुकडे करून मध्ये वळणारा सांधा घातला की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. स्वीडनच्या सैन्याने १९६० च्या दशकापासून वापरलेले बीव्ही २०२ आणि त्यानंतर हेग्लुंड्स कंपनीने बनवलेले बीव्ही २०६ ही या विचाराची फळे आहेत. चारही पट्ट्यांना चालना असलेल्या बीव्ही २०६ चा जमिनीवरील दाब चालणाऱ्या माणसाच्या पावलाखाली पडतो त्यापेक्षा कमी असतो.

आता दुसरी बाजू. सांध्याने वळणारे वाहन वेगात असताना शेपूट हलवू लागते. हायड्रॉलिक सिलिंडरमधील तेल, नळ्या आणि पिनांची ढिलाई या सर्वांत थोडी लवचीकता असते. ती आणि दोन जड अंगे मिळून एक दोलक तयार होतो. चालक प्रत्येक दोलन स्टिअरिंगने दुरुस्त करू पाहतो आणि बहुधा ते वाढवतो. शिवाय सांधा वळवला की चाकांच्या आधाराचा आकार वाकडा होतो आणि वाहन वळणाच्या बाहेरच्या अंगाला सहज उलटते. गामा गोटच्या रचनाकारांनी सांध्यातून वळण काढून टाकले आणि त्याऐवजी पुढची व सर्वांत मागची चाके परस्परविरुद्ध दिशांना वळवली, त्यामागे हेच कारण असावे असे मला वाटते. एकच चाकोरी मिळाली आणि सांधा वळणापुरता ताठ राहिला. अमेरिकी मरीन दलाने १९८५ पासून वापरलेल्या एमके४८ या आठ चाकी वाहनात पुढची चाकेही वळत आणि सांधाही. माझे मत विचाराल तर ताशी ६० किलोमीटरच्या वर जायचे असेल तर सांध्याला वळण देऊ नये. आणि बर्फ, दलदल किंवा दाट रान हेच कार्यक्षेत्र असेल तर चाके वळवण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न : मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरना स्प्रिंग नसते, तरी त्यांची सहाही चाके दगडांवर टेकलेली असतात. तीच रॉकर-बोगी, म्हणजे चाके डोलत्या दांड्यांनी जोडण्याची, पद्धत लष्करी वाहनाला का लावत नाहीत?

उत्तर : वेगामुळे. रॉकर-बोगी ही रचना १९८८ मध्ये नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील डॉन बिकलर यांनी काढली आणि १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नरवर ती प्रथम गेली. त्या रोव्हरचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर इतका होता. त्या वेगाला धक्का असा नसतोच. फक्त भार सर्व चाकांत नीट वाटून देण्याचा प्रश्न असतो, आणि दांड्यांची ती तरफ तो सुंदर रीतीने सोडवते. ताशी ३० किलोमीटरला मात्र पुढचे चाक दगडावर आदळताच तोच दांडा दुसऱ्या टोकाचे चाक जमिनीत ठोसतो आणि सगळा धक्का जसाच्या तसा शरीरात पोहोचवतो. हीच कल्पना सौम्य रूपात, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या डोलत्या दांडीच्या रूपात, जड ट्रकांच्या मागच्या एक्सलवर सर्रास दिसते. तेथे तिला स्प्रिंगेची किंवा रबराची जोड असते.

यावरून एक सांगण्यासारखे आठवले. चाकांमधील भार वाटून घेण्यासाठी दांडीच हवी असे नाही. तेलाची नळीसुद्धा ते काम करते. अॅलेक्स मोल्टन यांच्या हायड्रोलास्टिक सस्पेन्शनमध्ये, जे १९६२ च्या मॉरिस ११०० या छोट्या मोटारीवर आले, एका बाजूचे पुढचे व मागचे चाक द्रवाच्या नळीने जोडलेले होते. अशा नळ्या विचारपूर्वक जोडल्या तर सांधा नसलेले वाहनही पिळण्याच्या बाबतीत बरेच मऊ करता येते आणि कलण्याच्या बाबतीत ताठ ठेवता येते. पहिल्या पत्रातील विद्यार्थ्यांनी पुढच्या अंगाच्या चार चाकांसाठी याचा विचार करावा, कारण त्यांचा तो एकमेव ज्यादा आधार तेथेच आहे.

प्रश्न : मी अवजड वाहनांच्या दुरुस्तीत आयुष्य काढले आहे. माझा अनुभव असा की जेथे सांधा तेथे झीज. दोन अंगांमधून चालना कशी नेतात, आणि हा सांधा किती दिवस टिकतो?

उत्तर : आपला अनुभव बिनचूक आहे आणि आराखडे काढणाऱ्यांनी तो आपल्यासारख्यांकडूनच घ्यावा. सांध्यात दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच जागी येतात : वरून भार आणि मधून शाफ्ट.

शाफ्टची गोष्ट आधी. साधा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणारा सांधा, ३० अंशांत चालवला की एका फेऱ्यात बाहेरच्या शाफ्टचा वेग आतल्या शाफ्टच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत दोनदा खाली-वर होतो. ही थरथर मागच्या डिफरन्शियलच्या दातांवर आणि बेअरिंगांवर जाते. म्हणून एका जॉइंटऐवजी दोन घेऊन कोन निम्मा-निम्मा वाटतात, म्हणजे एकाची थरथर दुसरा खोडून काढतो. हे जमण्यासाठी दोन जॉइंटांच्या बरोबर मधला बिंदू सांध्याच्या वळण्याच्या व डोलण्याच्या अक्षावर यावा लागतो आणि पिळण्याचा अक्ष शाफ्टच्याच रेषेत असावा लागतो. काही मिलिमीटरांचा फरक पडला तरी सरकत्या खाचांवर सतत येजा सुरू होते, ग्रीस बाहेर येते, माती आत जाते, आणि पुढचे आपण जाणताच. लॉकहीड कंपनीने १९६० च्या दशकात बनवलेल्या ट्विस्टर या प्रायोगिक आठ चाकी वाहनात हा प्रश्न मुळातून टाळला होता : दोन्ही अंगांना स्वतंत्र इंजिन होते आणि सांधा तिन्ही दिशांना मोकळा. त्यात दोन इंजिनांचे वजन, खर्च आणि देखभाल आली. आजच्या काळात चाकांत विद्युत मोटारी बसवून सांध्यातून फक्त तारा नेणे शक्य आहे, आणि तेही नवे नाही. लटूर्नो कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यासाठी बनवलेल्या ५४ चाकांच्या रस्तेविरहित 'आगगाडी'च्या प्रत्येक चाकात मोटार होती आणि वीज गॅस टर्बाइनांवर तयार होत असे.

भाराच्या बाबतीत एकच नियम सांगेन : ज्या नळीभोवती अंग पिळते तिच्यावरील दोन बेअरिंगांमध्ये जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवा. सांध्यावर ४० किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा आघूर्ण (मोमेंट) येत असेल आणि बेअरिंगे ०.४ मीटर अंतरावर असतील, तर प्रत्येकावर १०० किलोन्यूटन बल येते, ०.८ मीटरला ते निम्मे होते. आराखड्यात जागा वाचवण्यासाठी सर्वांत आधी कापले जाते ते नेमके हेच अंतर, आणि दोन वर्षांनी वाहन आपल्यासारख्यांच्या दारात येते ते त्यामुळेच. अडसरांच्या टोकाशी आदळून चेसिसला पडणाऱ्या चिरा हा दुसरा नेहमीचा रोग. त्याचा उपाय वर रबराच्या संदर्भात आलाच आहे.

प्रश्न : दोन अंगांचे वाहन मोठा खंदक किंवा उभी पायरी ओलांडू शकते का?

उत्तर : पायरी चांगली ओलांडते, खंदक वाईट. पायरीशी पुढची चाके टेकली की मागचे अंग त्यांना ढकलते आणि पुढचे अंग मान वर करून चढते. खंदकावर मात्र डोलण्यास मोकळे असलेले अंग आधार संपताच मान खाली घालते. म्हणून डोलणे रोखणारा किंवा हुकमाने करवणारा हायड्रॉलिक सिलिंडर सांध्यावर बसवतात. रशियाच्या इशिमबाय येथे बनणाऱ्या डीटी-३० वित्याझ या ३० टन माल नेणाऱ्या, पट्ट्यांवरील दोन अंगी वाहनात असे सिलिंडर आहेत. चालक पुढचे अंग उचलून धरू शकतो, सांधा कुलूपबंद करून खंदकावरून ताठ जाऊ शकतो. याच सिलिंडरांतून तेल अरुंद छिद्रांवाटे फिरवले की ते शॉक अॅब्सॉर्बरही होतात, आणि हे तर प्रत्येक दोन अंगी वाहनाला हवेच. नाहीतर ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर दोन्ही अंगे आळीपाळीने डोके आपटू लागतात.

प्रश्न : या वाहनांचे एवढे गुण आहेत, तर सैन्यांनी ती सोडून साधी चार-सहा चाकी वाहने का घेतली?

उत्तर : सगळ्यांनी सोडलेली नाहीत, पण चाकांवरील वाहनांपुरती आपली शंका रास्त आहे. गामा गोटची जागा १९८० च्या दशकात हमव्ही या सांधा नसलेल्या चार चाकी वाहनाने व तत्सम वाहनांनी घेतली, गोअरची जागा एचईएमटीटी या ताठ चेसिसच्या आठ चाकी ट्रकने. एमके४८ ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ते बनवणाऱ्याच ऑशकॉश कंपनीने मरीन दलाला २००९ पासून जे पुढचे वाहन दिले, ते एलव्हीएसआर दहा चाकी आहे, त्याला मधला सांधा नाही, आणि त्या जागी प्रत्येक चाकाला लांब चालीचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. म्हणजे पहिल्या पत्रातील मार्गदर्शकांनी मांडलेला 'हे किंवा ते' असा पर्याय एका मोठ्या खरेदीदाराने प्रत्यक्ष निवडला, आणि चाकांच्या बाबतीत 'ते' निवडले. कारण लष्करी ट्रकचे बहुतेक आयुष्य रस्त्यावर आणि कच्च्या वाटांवर जाते; तेथे वेग, सोपी देखभाल आणि नवशिक्या चालकालाही झेपणारे वाहन यांना सांध्याने दिलेल्या एक मीटर चालीपेक्षा जास्त किंमत आहे. शिवाय १९६० च्या दशकात स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये जी चाल मिळत नव्हती, ती पुढे चांगल्या शाफ्ट-जॉइंटांमुळे आणि टायरमधील हवा चालता-चालता कमीजास्त करण्याच्या सोयीमुळे बरीच आवाक्यात आली.

जेथे वाटच नाही तेथे मात्र सांधा टिकून आहे. ब्रिटिश रॉयल मरीननी बीव्हीएस१० वायकिंग ही दोन अंगी, पट्ट्यांवरील वाहने २००६ पासून अफगाणिस्तानात वापरली. अमेरिकी सैन्याने अलास्कासारख्या हिमप्रदेशातील आपल्या जुन्या बीव्ही २०६ वाहनांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये जे वाहन निवडले, ते बेओवुल्फही बीव्हीएस१० च्याच कुळातील आहे : दोन अंगे, चार पट्टे आणि मधोमध हायड्रॉलिक सिलिंडरांनी वळणारी तीच कंबर.